‘व्याकरण सोडा, नुसतं बोला’ म्हणणाऱ्यांना

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. “लहान मूल व्याकरण शिकून बोलतं का? मग तुम्ही कशाला शिकता? टेन्स विसरा, बिनधास्त बोला. चुकलं तरी समजतं. लिहायचं मोबाईल बघून घेईल.” भोसरीत संध्याकाळी साडेसात ते नऊ मी कामावरून सुटलेल्यांना इंग्रजी शिकवते. वर्गातल्या एका काकांनी तोच मेसेज दाखवून विचारलं, “मॅडम, मग आपण उगाच वह्या भरतोय का?”

आधी ते लहान मूल. ते उठल्यापासून झोपेपर्यंत भाषेतच असतं, घरातले तेच वाक्य पन्नासदा बोलतात आणि त्याला दुसरा उद्योग नसतो. तरीही नीट वाक्य लिहायला त्याला शाळेत घालावंच लागतं, हे मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय. माझ्या वर्गाला मिळतो दीड तास, तोही दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना.

शिवाय मोठ्या माणसाच्या डोक्यात मराठी आधीच ठाण मांडून बसलेली असते. ‘मी सहमत आहे’, म्हणून ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’. ‘काल गेलो होतो’, म्हणून ‘आय हॅड गॉन यस्टरडे’. हा अडाणीपणा नव्हे, मराठी पक्की असल्याची खूण आहे. ‘सहमत’ला ‘आहे’ लागतं, ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे. फळ्यावर हे पाच मिनिटांत दाखवता येतं. नुसतं बोलत राहिलं तर दहा वर्षांनीही ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’च निघेल, कारण समोरच्याला समजतं आणि कोणी टोकत नाही.

मेसेजमधला सल्ला मनापासून पाळलेला एक माणूस अभ्यासकांना माहीत आहे. हवाईत राहायला आलेला एक जपानी चित्रकार. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी त्याला ‘वेस’ हे टोपणनाव देऊन तीन वर्षं त्याचं इंग्रजी तपासलं आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माणूस बोलका, मित्र भरपूर. गप्पांत तरबेज झाला. व्याकरण जवळपास होतं तिथेच राहिलं. एकावरून नियम होत नाही, मान्य. पण ‘बोललं की आपोआप येतं’ म्हणणाऱ्यांनी त्याचं काय झालं ते एकदा बघावं.

आता ‘चुकलं तरी समजतं’. चहाच्या टपरीवर समजतं. वर्गातल्या त्याच काकांनी शिफ्ट संपताना कॉम्प्रेसरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘ऑइल नॉट चेंज’. त्यांना म्हणायचं होतं, तेल बदललेलं नाही, तुम्ही बदला. नाइट शिफ्टवाल्याने वाचलं, तेल बदलू नका. दोन्ही अर्थ बसतात! पहाटे कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि मेमो काकांच्या हातात पडला.

वर्गात आम्ही तेच वाक्य घेतलं. काकांनी आधी लिहिलं, ‘आय डिड नॉट चेंज्ड’. मी म्हटलं, “काका, भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललंय, आता ‘चेंज’ने हात लावायचा नाही.” मग झालं: ‘आय डिड नॉट चेंज द ऑइल. प्लीज चेंज इट.’ कोणी केलं नाही, कोणी करायचं, सगळं आलं.

मोबाईलचं एका ओळीत सांगते: ‘ऑइल नॉट चेंज’ची तो दोन्ही अर्थांची झकास वाक्यं करून देईल, त्यातलं आपलं कोणतं ते वाचून ओळखावं आपल्यालाच लागेल.

मेसेजमागचा वैताग मात्र मला पटतो. मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्यांची गाठ पाचवीत पडली. नंतर वाट्याला आलं ते ‘व्हॉइस बदला’ आणि बारा टेन्सचा तक्ता. एक वाक्य मनाचं लिहायची वेळच आली नाही. ते व्याकरण मीही शिकवत नाही. पहिले दोन महिने फक्त कर्ता-क्रियापद-कर्माचा क्रम, ‘डू-डिड’, नकार आणि प्रश्न. तेही ज्याच्या त्याच्या रजिस्टरमधल्या, रजेच्या अर्जातल्या वाक्यांवर. ‘ए’ आणि ‘द’ मी मुद्दाम शेवटी ठेवते. मराठीत ती भानगडच नाही, आणि ती चुकल्याने सहसा कॉम्प्रेसर बंद पडत नाही.