शीर सापडेना

आमच्या घरात शिरांच्या बाबतीत घोर अन्याय आहे. ह्यांनी नुसती बाही दुमडली की कोपरापासून मनगटापर्यंत निळा नकाशा उलगडतो. रक्त काढणाऱ्या लॅबमधल्या सिस्टर खूश! मग माझी पाळी. पट्टा बांधून होतो, कोपराच्या खळगीत बोटं चाचपडतात आणि सिस्टरांचा चेहरा गंभीर होतो. "काकू, सकाळपासून पाणी प्यायलात का?"

उपाशीपोटी म्हणजे चहा-बिस्किटं बंद. साधं पाणी चालतं, उलट त्यानं शीर जरा वर येते. पण हे कुणी सांगत नाही, म्हणून भल्या पहाटे बाकड्यावर निम्मी मंडळी निर्जळी एकादशी पाळत बसलेली असतात.

"अगं, मूठ उघड-मीट कर जोरात!" ह्यांचा सल्ला. सिस्टर म्हणाल्या, "काका, तसं केलं तर रिपोर्टात पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. तुम्ही बाहेर बसा." पट्टाही त्यांनी मिनिटभर होताच सोडला, हाताला दम खाऊ दिला आणि मग दुसऱ्या हाताची शीर धरली. अशी बाई देवानं प्रत्येक लॅबला एकेक द्यावी.

खरी परीक्षा सुई निघाल्यावर असते, आणि ती आपली असते. हात सरळ ठेवून कापूस बोटांनी दाबून धरायचा, दोन-तीन मिनिटं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. चोळायचं नाही, आणि कोपर दुमडायचं तर मुळीच नाही; दुमडल्यानं रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण आत कातडीखाली झिरपत राहतं.

आमच्या ह्यांची ॲस्पिरिन रोजची. तरी कोपर दुमडून, जुन्या सिनेमातल्या जखमी नायकाच्या ऐटीत ते लॅबबाहेर पडले. समोरच मंडई. "कांदे स्वस्त दिसतायत," म्हणत त्याच हातात भरलेली पिशवी! नारळ वर फुकट नव्हता, तरी घेतला.

संध्याकाळी त्या नकाशावर एक जांभळं बेट उगवलं. मी बर्फ कापडात गुंडाळून दिला. माझ्या हातावर ठिपकासुद्धा नव्हता, हे मी फक्त जेवताना, झोपताना आणि चहाच्या वेळी सांगितलं. पुढं ते बेट हिरवट झालं, मग पिवळं. सांडलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं विघटन होत जातं तसे हे रंग पालटतात, काळजीचं काही नसतं.

काळजी वेगळीच आहे. सोसायटीत कुणी विचारलं की हे सांगतात, "काही नाही हो, रक्त तपासायला दिलं होतं." समोरचा समजूतदारपणे मान डोलावतो आणि हळूच माझ्याकडे बघतो.