शेजाऱ्याशी वैर टिकवताना घ्यायची काळजी

भारत-पाकिस्तानात अचानक शांतता भडकेल अशी धास्ती तुम्हाला वाटत असेल, तर घाबरू नका. आजवरचा अनुभव आपल्या बाजूने आहे. फेब्रुवारी १९९९मध्ये दिल्लीची बस लाहोरला पोचली, मे महिन्यात कारगिल सुरू झालं. तरी गाफील राहू नये, म्हणून काही पथ्यं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माल सरळ येऊ देऊ नका. अमृतसर ते लाहोर जेमतेम ५० किलोमीटर. ट्रकवाल्याचा चहासुद्धा पचत नाही तेवढ्यात. तोच माल कराचीहून दुबईला नेऊन, नवे कागद चढवून न्हावाशेवाला उतरवला की कसा खानदानी होतो! २ मे २०२५पासून पाकिस्तानी मालाला आडवाटेनेही बंदी आहे. त्याच जूनमध्ये महसूल गुप्तचरांनी न्हावाशेव्यात ३९ कंटेनर धरले. आत १,११५ टन माल, त्यात खारीक, आणि कागदोपत्री ती खारीक अमिरातीची. भांडण आपलं दोघांचं, हमाली तिसऱ्याची. उपवासाचं सैंधवही पूर्वी पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतून यायचं, पण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगू नका. मागच्या सगळ्या एकादशा बाटल्याचं पातक तुमच्या माथी येईल.

अडलं तरी वाकायचं नाही, हे पलीकडच्यांकडून शिका. ३१ मार्च २०२१ला त्यांच्या आर्थिक समितीने भारतातून साखर आणि कापूस आणायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने ती रोखली. तारीख १ एप्रिल, त्यामुळे मला वेगळा विनोद करावा लागत नाही. आपणही कमी नाही म्हणा. फेब्रुवारी २०१९मध्ये आपण २०० टक्के आयात शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला, आणि सप्टेंबरात आपली औषधं मात्र गुपचूप आत घेतली.

सार्क या दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेची काळजी नको. वादाचे विषय काढायचेच नाहीत, असं तिच्या सनदेतच लिहिलंय, आणि २०१४च्या काठमांडूनंतर शिखर परिषदही झालेली नाही. बाकीचे सहा देश वाट बघतायत. बघू देत.

खरा धोका काश्मीरच्या ताबारेषेवर होता. तिथे ऑक्टोबर २००८ला व्यापार सुरू झाला तो वस्तूच्या बदल्यात वस्तू असा. पैसा नाही, बँक नाही. इकडच्याने पोती पाठवायची, तिकडच्याने तेवढ्याच मोलाचा माल पाठवायचा, मध्ये नुसता शब्द. दहा वर्षं हे चाललं! गैरवापराच्या कारणाने एप्रिल २०१९मध्ये ते थांबलं. कारण खरंही असेल, पण शत्रूकडे उधारी ठेवायची सवय लागली की पुढे काहीही होऊ शकतं.

एवढं पाळूनही मन चलबिचल झालंच, तर संध्याकाळी अमृतसरजवळच्या अटारी सीमेवर दोन्हीकडच्या जवानांची कवायत बघायला जा. एप्रिल २०२५पासून तिथे फाटक उघडत नाहीत, हस्तांदोलनही नाही. शेजारीच २०१२मध्ये खास ट्रकांसाठी उभारलेली भलीमोठी तपासणी चौकी आहे. तिकडून येणाऱ्या सिमेंटच्या गोण्या मोजायचं काम उरलेलं नाही, तेव्हा टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे.