‘कम्युनिस्ट’ म्हटलं की झालं

दक्षिण कोरियाला लोकशाही अमेरिकेने दिली, असं परवा जेवताना भाची सहज बोलून गेली. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहिते.

उत्तरेबद्दल वादच नाही. देशाच्या नावात ‘लोकशाही’, आणि १९४८पासून सत्ता एकाच घरात : आजोबा, मुलगा, नातू. पण दक्षिणेचं काय? ऑगस्ट १९४५मध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी जेमतेम अर्ध्या तासात नकाशावर ३८व्या अक्षवृत्ताची रेघ नक्की केली. (फाळणी सोसलेल्या आपल्याला अशा रेघेची किंमत वेगळी सांगायला नको.) त्या रेघेखाली पुढची चाळीस वर्षं हक्क मागणाऱ्याला गप्प करायला एकच शब्द पुरायचा. संप केला? कम्युनिस्ट. निवडणूक मागितली? उत्तरेचा हस्तक.

मे १९८०, ग्वांगजू. लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. पॅराट्रूपर्सनी त्यांना झोडपलं, मग गोळ्या घातल्या. चिडलेल्या गावाने सैन्यालाच बाहेर काढलं. बाजारातल्या बायकांनी मोठमोठ्या पातेल्यांत भात रांधला, मीठ लावून मुठीएवढे गोळे वळले आणि ट्रकवरच्या पोरांच्या हातात दिले. २७ मेच्या पहाटे सैन्य पुन्हा आत घुसलं. सरकार म्हणालं, कम्युनिस्टांनी पेटवलेली दंगल! विरोधी नेते किम दे-जुंग उठावाच्या आदल्याच रात्री अटकेत होते, तरी त्याच उठावासाठी त्यांना फाशी सुनावली. ती टळली. हेच किम पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०००मध्ये प्याँगयांगला जाऊन उत्तरेच्या नेत्याला भेटले.

राष्ट्राध्यक्ष थेट निवडायचा हक्क लोकांनी १९८७च्या जूनमध्ये रस्त्यावर उतरून मिळवला. त्याआधी जानेवारीत पाक जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या पाण्याच्या छळात मेला होता. मग दिली कुणी ही लोकशाही?

३ डिसेंबर २०२४च्या संध्याकाळी मी फोनला चिकटून होते. राष्ट्राध्यक्ष युन यांनी मार्शल लॉ पुकारला. कारण तेच जुनं, उत्तरधार्जिण्या देशद्रोह्यांचं. संसदेचे कर्मचारी अग्निशामक नळकांडी घेऊन सैनिकांना अडवत होते, सभापती कुंपणावरून चढून आत गेले. आपल्याकडे साडेनऊ वाजले असतील, तेव्हा हजर असलेल्या सगळ्या १९० खासदारांनी मार्शल लॉविरुद्ध मत दिलं. मला रडू आलं.

१९४८चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा मात्र अजून आहे. उत्तरेची स्तुती केली म्हणून आजही तिथे खटला भरता येतो. तो रद्द व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.