'राज्यांचे हक्क' ही कुणाची ढाल? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेच्या घटनेनं केंद्र सरकारला घातलेल्या मर्यादांचं मी कौतुक केलं. त्यावर तुम्ही लिहिलंत की 'राज्यांचे हक्क' ही गुलामगिरीवाल्यांची आणि पुढे वंशभेदवाल्यांची ढाल होती, आणि मी ते टाळलं.

लिटल रॉक शहरातला प्रसंग माझ्या लेखात यायला हवा होता, हे मान्य. १९५७च्या सप्टेंबरमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी आर्कान्सॉ राज्याच्या गव्हर्नरनं नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या लष्करी दलाचे, जवान उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी केंद्राचं लष्कर पाठवलं तेव्हा ती मुलं वर्गात टिकली. ते योग्यच झालं. सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या, घटनेच्या १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीनं राज्यांचेही हात बांधलेत.

पण ढाल एकाच बाजूच्या हातात होती, हे खरं नाही. पळालेल्या गुलामांना पकडण्याचा १८५०चा कायदा केंद्राचाच होता. माणूस मालकाच्या हवाली केला तर निवाडा करणाऱ्या केंद्राच्या कमिशनरला १० डॉलर, सोडला तर ५! पकडलेल्याला स्वतःच्या बाजूनं साक्षही देता येत नसे. या कायद्याला अडवलं ते उत्तरेकडच्या राज्यांनी. वाट त्यांना आधीच सापडली होती. पळालेल्या गुलामांबद्दलच्याच १८४२च्या प्रिग खटल्यात सुप्रीम कोर्टानं मालकाचा हक्क उचलून धरला, तो भाग क्रूरच. पण राज्याच्या अधिकाऱ्यांवर या कामाची सक्ती नाही, असंही म्हटलं. लगेच पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सनं आपले अधिकारी आणि तुरुंग या कामाला देणं बंद केलं.

मी मर्यादा म्हणतो ती ही. केंद्रानं आपला कायदा आपल्या माणसांकडून राबवावा, राज्याच्या शिपायाला वेठीला धरू नये. १९९७च्या प्रिंट्झ निकालात हेच आलं: पिस्तूल घेणाऱ्याची चौकशी करण्याचं काम केंद्राला शेरीफवर, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखावर, लादता येणार नाही. बंदुकांवर कडक नियंत्रण हवं, असं माझं मत आहे. तरी हा निकाल मला पटतो, कारण स्थलांतरितांच्या धरपकडीला आपले पोलीस द्यायला नकार देणाऱ्या शहरांना पुढे त्याचाच आधार मिळाला.

आंतरराज्य व्यापाराचं नियमन केंद्राकडे देणारं घटनेतलं व्यापाराचं कलम आखडलं, तर हॉटेलांसारख्या ठिकाणी वंशभेदाला बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्क कायदा टिकेल का, असं तुम्ही विचारलंत. टिकेल. अटलांटाच्या ज्या मोटेलनं त्याला आव्हान दिलं, तिथली सुमारे ७५ टक्के गिऱ्हाइकं परराज्यातली होती. तो आंतरराज्य व्यापार नाही तर काय?

माझं भांडण याच कलमावरच्या १९४२च्या फिल्बर्न निकालाशी आहे. ओहायोच्या फिल्बर्न या शेतकऱ्याला केंद्राच्या कायद्यानं ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्यानं २३ एकर पेरला. जादा गहू घरच्या गुरांना, कोंबड्यांना आणि पिठाला लागतो, हे त्याचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, घरचा खाल्ला म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाही, आणि असे सगळे शेतकरी मिळून देशाच्या बाजारावर परिणाम होतो. या तर्कानं परसातली मेथीसुद्धा केंद्राच्या हातात जाते. याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तुमचं मत मला खरोखर वाचायचंय. लिटल रॉकचा परिच्छेद मूळ लेखात आजच घालतो.