शांत होत नाहीत, मरतात

लेख छान जमलाय, पण 'संसर्ग संपला की टी पेशी शांत होतात' या वाक्यावर अडलो (टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी). शांत कुठल्या, बहुतेक मरतात! विषाणूशी लढताना एकेका टी पेशीच्या हजारो प्रती तयार होतात. काम आटोपलं की काही आठवड्यांत त्यातल्या 90 ते 95 टक्के संपतात, उरतात त्या स्मृतिपेशी, तोच विषाणू पुन्हा आला तर ओळखणाऱ्या.

एक मरण उपासमारीचं: वाढीचे संकेत आटले की बिम नावाचं प्रथिन वरचढ होतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्राचं, आवरण फुटतं. दुसरं जास्त मजेशीर. स्वतःच्याच शरीरातला प्रतिजन (टी पेशी ज्याला ओळखते तो रेणू) वारंवार समोर आला, तर पेशीच्या पृष्ठभागावर फॅस (मरणाचा संकेत घेणारं प्रथिन) आणि त्याला जुळणारं फॅस-लिगँड दोन्ही दिसू लागतात. कुलूपही तिचंच, किल्लीही तिचीच. ती लागली की कॅस्पेज-8 हे मरणाची साखळी सुरू करणारं विकर जागं होतं, डीएनएचे तुकडे पडतात आणि भक्षक पेशी उरलंसुरलं गिळून टाकतात. दाह नाही, गाजावाजा नाही. (गंमत म्हणजे जे इंटरल्युकिन-2 नावाचं संकेत-प्रथिन या पेशींना वाढवतं, तेच त्यांना या मरणासाठी तयारही करतं.)

फॅसच बिघडलं तर काय होतं, ते फॅसचं जनुक बिघडलेल्या एलपीआर नावाच्या उंदरांत 1992 साली कळलं: लसिकाग्रंथी फुगतात, ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार होतो. माणसांत याच बिघाडातून एएलपीएस (ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम) हा आजार होतो. लहान मुलाच्या मानेत गाठी, प्लीहा वाढलेली, प्रतिपिंडं स्वतःच्याच रक्तपेशींवर उठलेली. पहिली शंका लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची येते.

तेवढं 'शांत होतात' बदला.