कोणत्या डॉला दाखवावं?

घरच्या घरी गाणी करायचं तुमच्या मनात आलं आहे, असं कानावर आलं. घाई करू नका. गाणं ही फार पुढची गोष्ट. आधी सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यात गाणं रेकॉर्ड करून जुळवायचं ते. जाणकार मंडळी त्याला 'डॉ' (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. हा शब्द घरात मात्र जपून वापरा. आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरात मी महिनाभर फोनवर मित्रांना "तुझा डॉ कोणता? तुला काय वाटतं, बदलून पाहू का?" असं विचारत होतो. शेवटी आईला राहवलं नाही. म्हणाली, "अरे, दुखतंय तरी काय तुझं? सरळ एमवाय हॉस्पिटलला जाऊन दाखवून ये." दुखणं जुनं होतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

सात वर्षं मी सॉफ्टवेअर निवडतो आहे. या काळात माझ्या हातून एकही गाणं झालेलं नाही, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती आहे असं समजायला हरकत नाही. ज्यांनी एकाच सॉफ्टवेअरवर चाळीस गाणी केली त्यांना काय विचारायचं? त्यांना एकच माहीत असतं.

पहिलं पथ्य म्हणजे सॉफ्टवेअर पारखताना त्यात गाऊन पाहायचं नाही. गाऊन पाहिलं की लक्ष सुराकडे जातं, आणि आपला सूर लागत नाही असा नसता शोध लागतो. त्यापेक्षा त्याचा रंग पाहा. खिडकी करड्या रंगाची आहे की काळी, बटणं सपाट आहेत की खऱ्या मशीनसारखी, खिळेसुद्धा काढले आहेत का. खिळे काढलेले असतील तर त्याचा आवाज नक्की उबदार असणार.

आवाजाच्या उबेचा विषय निघालाच आहे, तर जरा बसून बोलू. रात्री अकरानंतर सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना हा विषय काढावा. क्यूबेस, लाइव्ह, लॉजिक ही सॉफ्टवेअरची नावं. "भिया, क्यूबेसचा आवाज भरीव, लाइव्हचा जरा कोरडाच," असं एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून मान हलवायची, तिसऱ्यानं "आणि लॉजिकचा रेशमी" अशी भर घालायची. एवढ्यात एखादा अरसिक निघतोच. तो म्हणतो, "एकच रेकॉर्डिंग दोन्हींत घाला, कुठलाही इफेक्ट लावू नका, दोन्हींतून फाइल काढा. मग एका फाइलची लाट उलटी करून दोन्ही एकदम वाजवा. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्या तर एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार येतो, बेरीज शून्य होते आणि काहीच ऐकू येत नाही."

मी मूर्खासारखा घरी जाऊन ते करून पाहिलं. पहिल्यांदा मागे हलकासा आवाज उरला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या रात्रीच मित्राला उठवलं. ऊब सापडली होती! सकाळी कळलं की तो पॅन लॉचा फरक. मधोमध ठेवलेला आवाज किती डेसिबलनी उतरवायचा, याचा रिवाज प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा. कुठे तीन, कुठे साडेचार, कुठे उतरवतच नाहीत. तेवढं दोन्हीकडे सारखं केलं आणि पुन्हा वाजवलं. शुकशुकाट. आकड्यांची बेरीज क्यूबेसच्या हॅम्बुर्गमध्ये केली काय नि लाइव्हच्या बर्लिनमध्ये केली काय, उत्तर तेच येतं म्हणे. तेव्हा ही चाचणी चुकूनही करू नका. सात वर्षांचा वाद वीस मिनिटांत संपतो. मग सराफ्यात जाऊन नुसतंच खायचं का?

आता खानदान. इंदूरच्या माणसाला घराणं विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ते इथंही विचारावं. क्यूबेस १९८९ चं, अटारीच्या संगणकावर जन्मलेलं, खानदानी. लाइव्ह २००१ चं, बर्लिनचं. एफएल स्टुडिओ बेल्जियमचं, १९९७ साली आलं तेव्हा नाव होतं फ्रूटीलूप्स. ज्याच्या नावात कधीकाळी फळं होती त्यावर गंभीर माणसानं काम करायचं नसतं, भले हल्ली अर्धी पोरं त्याच्यावरच बीट करत असोत. त्याची फुकट आवृत्ती मात्र तुमच्या स्वभावाला मानवेल. तिच्यात सगळं काही करता येतं, काम साठवताही येतं, फक्त साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे रोज सकाळी नवी सुरुवात. लॉजिक पूर्वी विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलनं ती कंपनी घेतली आणि विंडोजवाल्यांना रामराम केला. तुमच्याकडे विंडोज असेल, तर मनापासून लॉजिकच आवडून घ्या. मग मॅक येईपर्यंत काही करता येत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. प्रो टूल्स मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत असतं, तेव्हा तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत, कपाट नि शिलाई मशीनच्या मधे, ते हवंच.

एका सॉफ्टवेअरपासून मात्र सावध राहा. त्याचं नाव रीपर. फोनमधल्या तीन-चार फोटोंएवढी त्याची फाइल, साठ दिवस वापरा, मग घरगुती माणसाला साठ डॉलर. साठ दिवस उलटले तरी बंद पडत नाही, उघडताना दोन-चार सेकंद नम्रपणे आठवण करून देतं आणि कामाला लागतं. ज्यानं एकेकाळी संगणकावर गाणी ऐकायचं विनॅम्प लिहिलं त्याच माणसाचं हे. असल्या वस्तूनं घात होतो. ना किंमत आड येते, ना संगणक कमी पडतो, ना मुदत संपते. गाणं का झालं नाही, असं कोणी विचारलं तर तोंड कुठे लपवाल?

बाकीच्या किमतींचं थोडक्यात सांगतो. वर्षाअखेरीच्या सेलची वाट पाहा. सेल आला की पुढच्या आवृत्तीची वाट पाहा.

खरी परीक्षा आपल्या संगीताची. इथं तुम्हाला छाती पुढे काढून बोलता येईल, कारण ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गावात आपण राहतो आणि लता मंगेशकरांचा जन्म इथला, १९२९ चा. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर येतात चार-चार ठोक्यांचे बार आणि मिनिटाला १२० ठोके. खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमरा तालाच्या चौदा मात्रा संपायला कधीकधी पाऊण मिनिट लागायचं. तेवढ्यात या यंत्राचे बाविसेक बार टकटकून झालेले असतात. मी एकदा हट्टानं लाइव्हमध्ये लय खाली खाली नेली. वीसवर अडली, पुढे उतरेना. एक टक्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा टक्. आई दारातून डोकावली, "नळ गळतोय का रे?"

सुरांचंही तसंच. तानपुरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा सॉफ्टवेअरच्या कीबोर्डाचा गंधार चौदा सेंटनी चढा. शंभर सेंट म्हणजे एक अर्धा स्वर, तर चौदा सेंट ही काही मोठी रक्कम नव्हे, पण एकदा कानाला कळली की कुरडईत खडा लागावा तशी लागते. हे जरूर सगळ्यांना सांगा. फक्त असं म्हणू नका की पेटीतही अगदी हाच घोटाळा आहे आणि पेटी घेऊन आपण सव्वाशे वर्षं भजनं म्हणतो आहोत. २०२४ साली आलेल्या लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत स्वरांची जागा हवी तिथे सरकवता येते, हेही बोलू नका. आणि गाताना कीबोर्डाचा प्रश्नच येत नाही, माइक जसा सूर लागेल तसा घेतो, हे तर कुणाच्या लक्षातही येऊ देऊ नका.

सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून मात्र आधी घेऊन ठेवा. १९९७ साली ते ज्यानं काढलं, तो गृहस्थ त्याआधी जमिनीत लाटा सोडून तेल कुठे आहे ते शोधण्याच्या गणितात होता. आपल्या गळ्यातला सूर शोधायला तसलंच गणित लागतं, यात मला काही अपमान वाटत नाही. फक्त त्याचा वेग शेवटपर्यंत पिळला तर मींडेचा जिना होतो. मी भूपात गंधारावरून षड्जावर उतरलो, मशीननं मला रिषभाच्या पायरीवर उभं केलं.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार तुम्ही करालच. बफर, म्हणजे संगणक आवाज एका वेळी केवढ्या घासात घेतो तो आकडा, १०२४ वर असेल तर निदान २३ मिलिसेकंदांचा उशीर धरा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज आठेक मीटर जातो. म्हणजे तुम्ही इथे गाताय आणि ऐकताय गल्लीच्या पलीकडच्या ओट्यावरून. बफर १२८ केला की तीन मिलिसेकंदांवर येतं. पण असल्या क्षुल्लक आकड्याला हात लावण्यापेक्षा सॉफ्टवेअर बदललेलं बरं. मी चारदा बदललं. चारही वेळा बफर १०२४ च होता.

इतकी तयारी झाली की कसोटीचा प्रसंग येणारच. समजा, अक्षय्य तृतीयेला तुमच्या गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरीकाका घरी येतात. पोहे खातात, वर भुरभुरायला अजून थोडा जिरावण मसाला मागून घेतात आणि म्हणतात, "यंदा मंडळाचं स्वतःचं गीत करू. दोन मिनिटांचं पुरे. तुमच्याकडे ते सगळं आहे ना?" तुम्ही हो म्हणा. मग वटपौर्णिमेपर्यंत दोन सॉफ्टवेअरची तुलना करा. आषाढीला एकाची मुदत संपेल, ती संपू द्या. श्रावणात जेल रोडला जाऊन ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडायची डबी, आणा आणि घरी आल्यावर त्यातला माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा खटका दाबायचा असतो हे माहीत नसल्यामुळे माइक बिघडला आहे असं समजून परत करायला जा. काकांनी विचारलं तर सांगा, "मिक्स चालू आहे." हे वाक्य कधीही खोटं ठरत नाही.

एवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधलं अकरावीतलं पोरगं मधे पडतं. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यानं दिवाणावरच्या दोन गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, वर सोलापुरी चादर टाकली, पंखा बंद केला, आईला कुकर लावू दिला नाही आणि भजनी मंडळाच्या चार काकूंना त्या खोपटात कोंबलं. भाद्रपदातला उकाडा. चौघींच्या मधे स्टुलावर फोन, फोनखाली घडी केलेला पंचा. दुसऱ्या कडव्याला एका काकूंनी घाम पुसायला हात उचलला आणि बांगड्या वाजल्या. ते तसंच राहिलं. पोरगा म्हणाला, समेवर वाजल्या, ठेवू.

चतुर्थीला मंडपात ते गीत कर्ण्यावर लागेल. लोक आरतीचं ताट हातात घेऊन उभे असतील, पोरं दोन ओळींनंतर म्हणायलाही लागतील. बांगड्या येतील तेव्हा त्या काकू पदराआड हसतील. तुम्ही कर्ण्याच्या बरोबर खाली हाताची घडी घालून उभे राहा. कपाळाला एक आठी असू द्या. शेजारच्याला ऐकू जाईल इतपतच म्हणा, "लो-मिड जरा गढूळ आहेत." तो विचारेल, "म्हणजे काय?" उत्तर देऊ नका.

मग मंडपामागे जा. पोरगा वायर गुंडाळत असेल.

"कोणत्या डॉमध्ये केलंस रे?"

"कशात, काका?"

"सॉफ्टवेअर. कोणतं वापरलंस?"

तो खिशातून फोन काढून गिटारचं चित्र असलेली एक चौकट दाखवेल. "हे. बाबांचा जुना आयफोन आहे ना, त्यात होतंच."

नाव नीट वाचून घ्या. रात्री घरी येऊन आपल्या फोनवर शोधा. मिळणार नाही, कारण ते गॅरेजबँड ॲपलवाल्यांपुरतंच आहे. म्हणजे आता आयफोन घ्यायला हवा. कोणता घ्यावा, नवा की वापरलेला, यावर मतं फार निरनिराळी आहेत. उद्या रात्री सराफ्यात या, बोलू.