झेनिटी पासवर्ड चोरत नाही. त्या मेसेजमधली कमांड मात्र चालवू नका

सध्या एक मेसेज गटागटांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘लिनक्स वापरणाऱ्यांनो सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये झेनिटी नावाचा छुपा प्रोग्राम आहे. तो खोटी विंडो दाखवून पासवर्ड घेतो आणि बाहेर पाठवतो. कॅन्सल दाबलं तरी माहिती जाते. खरं लिनक्स विंडोत पासवर्ड कधीच विचारत नाही, टर्मिनलमध्येच विचारतं. शिवाय त्यात मराठी चालत नाही. खालची कमांड पेस्ट करा, पासवर्ड मागेल तो द्या, झेनिटी मुळासकट जाईल आणि कॉम्प्युटर फास्ट होईल.’

माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. तिच्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, मी घालून दिलं आहे. फोटोंचा फोल्डर विचारून त्याची पेनड्राइव्हवर प्रत काढणारी एक छोटी स्क्रिप्टही, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, मीच लिहून दिली. फोल्डर विचारणारी ती विंडो झेनिटीची. स्क्रिप्टच्या वतीने विंडो दाखवून युजरचं उत्तर आणून देणारा हा छोटा प्रोग्राम. ‘हे तूच घातलंस ना रे? काढून टाकू का?’ तिने अजून काही चालवलं नव्हतं म्हणून बरं. साठीनंतर कॉम्प्युटर शिकलेल्या, कुणावर अवलंबून न राहता काम करणाऱ्या बाईला एका फॉरवर्डने घाबरवून सोडलं, याचा मला राग आहे. म्हणून हे सविस्तर.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरा धोका तिथे आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून कमांड द्यायच्या विंडोत, पेस्ट करायला दिलेली कमांड अशी: ‘कर्ल’, मग एक आखूड केलेली लिंक, मग उभी रेघ, आणि शेवटी ‘सुडो बॅश’. कर्ल त्या लिंकवर जे असेल ते उतरवून घेतं. उभी रेघ म्हणजे पाइप, तो हा मजकूर पुढच्या प्रोग्रामच्या हवाली करतो. सुडो बॅश तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालवतं. मधे तो मजकूर तुमच्या डोळ्यांसमोरून जातच नाही. रूटच्या अधिकाराने चाललेली स्क्रिप्ट नवा युजर तयार करू शकते, बाहेरून आत शिरायला एसएसएचची किल्ली ठेवू शकते, ब्राउझरमध्ये साठवलेल्या फाइल्स उचलू शकते, ठरावीक वेळी आपोआप चालणारी क्रॉनची नोंद करू शकते. पासवर्ड चोरीला जाईल या भीतीने माणसाला पासवर्ड टाइप करायला लावायचा आणि अनोळखी पत्त्यावरून आलेल्या कोडला कॉम्प्युटरचा ताबा द्यायचा, हे या मेसेजचं सांगणं आहे.

आत्याच्याच गटात एकाने लिहिलं की त्याने लिंक ब्राउझरमध्ये उघडून पाहिली आणि आतला मजकूर साधा वाटला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मागणी ब्राउझरकडून आली की कर्लकडून हे सर्व्हरला कळतं, आणि दोघांना वेगवेगळा मजकूर देणं अगदी सोपं असतं. आज एक, उद्या दुसरा मजकूर ठेवणं तर त्याहून सोपं.

आणि मूळ गोष्ट पाहा. झेनिटी काढायचीच असेल तर इंटरनेटवरून काहीही आणावं लागत नाही. उबंटू, डेबियन, मिंट या सगळ्या डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांत, ‘सुडो एपीटी रिमूव्ह झेनिटी’ एवढी एक ओळ पुरते. ज्याला झेनिटी काढायची रीत सांगायची होती, त्याने ही ओळ सोडून आखूड लिंक दिली. का, याचं उत्तर मेसेज पाठवणाऱ्यांनी आधी मागायला हवं होतं. एपीटीची ही ओळ चालवली तरी ‘होय’ म्हणण्यापूर्वी ती जी यादी दाखवते ती वाचा, कारण झेनिटीवर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजही, म्हणजे दुसरे प्रोग्रामही, सोबत जाऊ शकतात. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर बसवायला मदत करणारं विनट्रिक्स आपल्या विंडो झेनिटीने किंवा केडायलॉग या तशाच दुसऱ्या प्रोग्रामने दाखवतं. गेमवाल्या मंडळींचं स्टीमही तिचा वापर करतं.

आता मुख्य आरोप, चोरीचा. झेनिटी ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पातली आहे. ग्लिन फॉस्टर यांनी ती 2003 च्या सुमारास जुन्या जीडायलॉगच्या जागी लिहिली. तिचा कोड खुला आहे, परवाना एलजीपीएल. ती करते काय, ते तिच्या मॅन पानावर, म्हणजे प्रत्येक प्रतीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात, सुरुवातीलाच लिहिलेलं आहे: ती जीटीके या विंडो काढणाऱ्या साधनाची विंडो दाखवते आणि युजरने दिलेलं उत्तर रिटर्न कोडमधून (काम संपताना दिलेल्या आकड्यातून) किंवा स्टँडर्ड आउटपुटवर (छापलेल्या मजकुरात) परत देते, जेणेकरून शेल स्क्रिप्टला युजरला काही सांगता यावं, विचारता यावं. टर्मिनलमध्ये ‘मॅन झेनिटी’ टाइप करा, तुमच्याच कॉम्प्युटरवर ते पान उघडेल. नाव, तारीख, फाइल, हो किंवा नाही, जे काही विंडोत दिलं ते तिला बोलावणाऱ्या स्क्रिप्टला मिळतं, आणि झेनिटीचं काम संपतं. तुमचं उत्तर कुठल्या सर्व्हरला पाठवायचा पर्यायच त्या पानावर नाही. काही आवृत्त्यांत मजकुराच्या विंडोत वेबपान उघडायची सोय आहे, हे खरं. तीही स्क्रिप्टने दिलेलाच पत्ता उघडते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. झेनिटीला पासवर्ड विचारायचा पर्याय आहे. विंडोत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, पण स्क्रिप्टच्या हाती पासवर्ड उघड्या मजकुरात पडतो. म्हणजे एखाद्या दुष्ट स्क्रिप्टने ‘सिस्टिम अपडेट’ असं शीर्षक देऊन तुमच्याकडून पासवर्ड काढून घेणं शक्य आहे. मॅकवर असं घडलंही आहे: 2023 मध्ये समोर आलेलं अ‍ॅटॉमिक स्टीलर हे मालवेअर अ‍ॅपलच्याच ओएसए-स्क्रिप्ट या सोयीने खोटी विंडो दाखवून पासवर्ड मागत होतं. पण पायथनच्या चार ओळींनीही अशी विंडो काढता येते, आणि टर्मिनलमध्ये खोटा ‘पासवर्ड:’ छापायला तर एक ओळ पुरते. बनावट पावती छापता येते म्हणून छापखाना चोर ठरत नाही. शोधायचं ते विंडोमागच्या स्क्रिप्टला.

तो शोध जमण्यासारखा आहे. अचानक पासवर्डची विंडो आली तर काहीही न लिहिता ती तशीच राहू द्या, टर्मिनल उघडा आणि ‘पीएसट्री’ चालवा. कोणत्या प्रोग्रामने कोणाला सुरू केलं त्याची साखळी दिसते. झेनिटीच्या वरच्या टोकाला तुमच्या ओळखीची स्क्रिप्ट नसेल तर विंडो बंद करा आणि ती स्क्रिप्ट कुठून आली ते पाहा. तुमच्याकडची झेनिटीच कुणी बदलली असेल अशी शंका असेल, तर ‘डीपीकेजी --व्हेरिफाय झेनिटी’ चालवा. फाइल्स पॅकेजमध्ये आल्या तशाच असतील तर ती काहीच छापत नाही.

कॅन्सलचा मुद्दा तर उलटा आहे. कॅन्सल दाबलं की झेनिटी काहीही छापत नाही आणि 1 हा रिटर्न कोड देते. ठीक म्हटलं तर 0, ठरवलेली वेळ संपून विंडो मिटली तर 5. इथे धोका आहे, पण तो मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही: स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हा कोड तपासला नाही तर रिकामं उत्तर घेऊन स्क्रिप्ट पुढे धावते. समजा, फोल्डर विचारून त्यातलं सगळं पुसणारी स्क्रिप्ट आहे. युजरने कॅन्सल केलं, फोल्डरचं नाव रिकामं राहिलं, त्यापुढे तिरकी रेघ आणि फुली (*, म्हणजे ‘आतलं सगळं’) जोडलेली आहे. आता ती पुसण्याची आज्ञा कॉम्प्युटरच्या मुळापासूनच्या सगळ्या फाइल्सना लागू होते. पुसणाऱ्या आरएम कमांडमधलं मूळ फोल्डर वाचवणारं संरक्षण इथे उपयोगी पडत नाही, कारण शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) फुलीच्या जागी एकेका फोल्डरचं नाव आधीच लिहून देतं. झेनिटीने स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने पुढची ओळ लिहिण्याआधी रिटर्न कोड तपासावा, उत्तर रिकामं नाही ना ते पाहावं, आणि मगच फाइलींना हात लावावा. आत्याच्या स्क्रिप्टमध्ये प्रत काढण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात, म्हणून तिने कितीही वेळा कॅन्सल दाबलं तरी काही बिघडत नाही.

उरलेले मुद्दे पटकन. खरं लिनक्स विंडोत पासवर्ड विचारत नाही? सॉफ्टवेअर बसवताना, वायफायला जोडताना ग्नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप विंडोतच विचारतात, कितीतरी वर्षं. कॉम्प्युटर फास्ट होईल? झेनिटी मागे सतत चालत नाही, स्क्रिप्टने बोलावलं की सुरू होते आणि विंडो बंद झाली की संपते. छुपी? अनेक डिस्ट्रोंमध्ये ती सुरुवातीपासून येते आणि पॅकेजच्या यादीत नावानिशी दिसते.

मराठीबद्दलचं विधान मला विशेष लागलं. जीटीके अक्षरं पँगो आणि हार्फबझ या लिपी मांडणाऱ्या साधनांकडून मांडून घेते, त्यामुळे झेनिटीच्या विंडोत ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘सुट्ट्या’ नीट जोडाक्षरांसह दिसतात. बटणांवरही ‘ठीक’, ‘रद्द’ असे हवे ते शब्द लिहिता येतात. बऱ्याच टर्मिनलांत मात्र अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवली जातात, त्यात आपल्या वेलांट्या आणि रफार मोडतात. मराठीतच वाचणाऱ्या माणसाला स्क्रिप्ट वापरायची असेल तर टर्मिनलपेक्षा झेनिटीची विंडो कितीतरी सोयीची. आत्यासाठी मी ती निवडली ती याचसाठी.

ज्यांनी ती कर्लची कमांड आधीच चालवली आहे, त्यांनी हे करावं: कॉम्प्युटर नेटपासून तोडा. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, बँक आणि ईमेल सर्वांत आधी. स्वतःचे फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, स्क्रिप्ट किंवा प्रोग्राम सोबत घेऊ नका. मग डिस्क पुसून सिस्टिम नव्याने बसवा. रूटच्या अधिकाराने काय काय चाललं हे नंतर खात्रीने शोधता येत नाही, म्हणून डागडुजीवर भागवू नका.